पित्याची रिकामी जागा
(नेहेम्या गोऱ्हे व त्यांची कन्या एलन लक्ष्मी)

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, हे नाव आदराने घेतले जाते. काशीत वाढलेला चित्पावन ब्राह्मण, षड्दर्शनांचा जाणकार, ख्रिस्ती धर्माचे खंडन करावयास निघालेला आणि अखेर ख्रिस्ताच्या चरणी आलेला पंडित, अशी त्यांची ओळख आपणांस आहे. परंतु त्यांना एक कन्या होती, ती तान्ही असतानाच आईला अंतरली आणि पिता हयात असूनही परक्या घरी वाढली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पित्याच्या चरित्रात ती एखाद्या वाक्यापुरती येते. आज हे चरित्र त्या वाक्याच्या बाजूने वाचून पाहावयाचे आहे. ज्या घरात पित्याची जागा रिकामी आहे, अशी घरे आपल्या मंडळीतही आहेत. आणि ती जागा का रिकामी राहिली व पुढे त्या लेकराचे काय झाले, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही.

काशीतील घर

गोऱ्हे घराणे मूळचे कोकणातले. मराठ्यांच्या सत्तेबरोबर अनेक चित्पावन कुटुंबे उत्तरेकडे गेली, त्यांपैकीच हे एक. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे मस्तानीपासूनचे वंशज बुंदेलखंडात बांद्याचे नवाब झाले. त्यांच्या दरबारी गोऱ्हे घराण्याने कारभार पाहिला. नीळकंठाचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडातच झाला. वडिलांचे नाव शिवरामपंत. पुढे हे कुटुंब काशीस स्थायिक झाले.

त्या काळी काशी हे मराठी माणसाचे दुसरे घरच होते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या भागांत मराठी वाडे होते, मराठी बोलली जाई. पुढे झाशीची राणी झालेल्या लक्ष्मीबाईंचा जन्मही काशीतील मराठी कुटुंबातच झाला. अशा वस्तीत एकत्र कुटुंबात, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली नीळकंठ वाढला. संस्कृत व्याकरण आणि न्याय यांचे अध्ययन त्याने लहान वयातच केले. म्हणजे या मुलाला पित्याचा सहवास, घराण्याचा आधार आणि विद्येचा वारसा, तिन्ही भरपूर लाभले. हे ध्यानात ठेवावयास हवे. कारण जे त्याला जन्मतःच लाभले, तेच आपल्या लेकराला देणे त्याला पुढे जमले नाही.

काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम स्मिथ हे भर बाजारात उपदेश करीत. तरुण नीळकंठशास्त्री त्यांना वादात निरुत्तर करण्याच्या हेतूने त्यांच्याकडे गेले. जॉन म्यूर या विद्वान स्कॉटिश अधिकाऱ्याने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून शास्त्रीबुवांनी १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ रचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. परंतु प्रतिपक्षाचे खंडन करण्यासाठी वाचावयास घेतलेले पवित्र शास्त्र त्यांच्या अंतःकरणात घर करून राहिले. तीन-चार वर्षे मनाशी झगडल्यावर त्यांनी निर्णय घेतला आणि १४ मार्च १८४८ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो काशीत झाला नाही, जौनपुरास झाला. नाव नेहेम्या ठेवण्यात आले.

एका बाप्तिस्म्याची किंमत

काशीतल्या ब्राह्मण कुटुंबातील शास्त्री ख्रिस्ती होणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. तो एका मुलाचा धर्मबदल नव्हता; साऱ्या घराण्याच्या दृष्टीने तो मृत्यूच होता. पंक्ती, श्राद्ध, सोयरीक, वारसा या साऱ्यांतून तो माणूस एका दिवसात बाहेर पडे. १८५० साली सरकारने कायदा करून धर्म बदलल्यामुळे कोणाचा वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली. परंतु घराचे दार उघडे ठेवणे कायद्याच्या हाती नव्हते.

शिवरामपंतांच्या दुःखाचाही येथे विचार केला पाहिजे. आपण ख्रिस्ती लोक अशा कथा सांगताना बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या धैर्याची थोरवी गातो आणि मागे राहिलेल्या आईबापांना केवळ विरोधक म्हणून उभे करतो. ते खरे नाही. ज्या पित्याने मुलाला शास्त्र शिकविले, त्याचा मुलगा त्याला जिवंतपणीच अंतरला. म्हणून एलन लक्ष्मीच्या आधीच या घरात पिता व अपत्य यांच्यातील एक धागा तुटला होता. नेहेम्यांना प्रभूने बोलाविले, यात आम्हांस संशय नाही. पण प्रभूच्या हाकेची किंमत केवळ ज्याला हाक येते त्यालाच द्यावी लागत नाही, तर भोवतालच्या माणसांनाही ती विचारल्यावाचून द्यावी लागते.

तान्हे लेकरू

नेहेम्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या जोगळेकर घराण्यातल्या. पतीच्या पाठोपाठ त्यांनीही माहेर व सासर यांचा आसरा सोडला. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत त्यांना कन्या झाली. एलन लक्ष्मी असे तिचे नाव. एक नाव नव्या मंडळीचे, दुसरे आईचे. काही महिन्यांतच लक्ष्मीबाई निवर्तल्या.

आता त्या घराचा विचार करू. अठ्ठावीस वर्षांचा विधुर पिता आणि कडेवर काही महिन्यांची मुलगी. हेच दुर्दैव जर ख्रिस्ती होण्यापूर्वी ओढवले असते तर काय झाले असते? आजीने लेकरू उचलून पदराखाली घेतले असते. काकू होत्या, आत्या होत्या. नाही तर आजोळ होतेच. मराठी कुटुंबात आईवेगळे मूल सहसा आजोळी वाढे, आणि ते पोरके आहे हे त्याला पुष्कळ वर्षे कळतही नसे. नेहेम्यांना यांतले काहीच उरले नव्हते. ज्या बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्त मिळाला, त्याच बाप्तिस्म्याने त्यांच्या मुलीची आजी गेली. नवी ख्रिस्ती मंडळी लहान होती आणि नात्यागोत्याचे जाळे विणले जावयास अजून दोन पिढ्या लागणार होत्या.

तेव्हा त्यांनी मुलगी स्मेल्स नावाच्या एका इंग्रज दांपत्याच्या स्वाधीन केली. त्यांनी तिला पोटच्या लेकीप्रमाणे सांभाळले. १८५४ साली नेहेम्या समुद्रपार इंग्लंडला गेले.

हा प्रवास ज्या कारणाने घडला ते कारण मन अस्वस्थ करणारे आहे. पंजाबचे पदच्युत महाराजा दलीपसिंह हे १८५३ साली ख्रिस्ती झाले होते आणि पुढच्या वर्षी त्यांना इंग्लंडला नेण्यात येत होते. त्यांच्या शिक्षणासाठी व सोबतीसाठी एक विद्वान हिंदी ख्रिस्ती माणूस हवा होता. ती निवड नेहेम्यांची झाली. दलीपसिंह त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. पिता रणजितसिंह हे ते एक वर्षाचेही झाले नव्हते तेव्हाच, १८३९ साली, वारले होते. माता जिंदकौर यांना इंग्रजांनी त्यांच्यापासून दूर केले होते आणि त्या नेपाळात आश्रयास होत्या. मातापुत्रांची भेट पुढे १८६१ साली कलकत्त्यात झाली. अशा या पोरक्या राजपुत्राला सोबत देण्यासाठी नेहेम्या निघाले, तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी एक वर्षाचीही नव्हती.

यात त्यांचा निष्ठुरपणा शोधणे अन्यायाचे होईल. विधुर पुरुषाने तान्हे मूल स्वतः वाढवावे अशी त्या काळी कोणाचीच अपेक्षा नव्हती. मुलगी सुरक्षित घरी होती. मिशनच्या सेवेत असलेल्या माणसाने नेमून दिलेल्या कामावर जाणे हेच योग्य मानले जाई. कारणे समजतात. पण कारण समजले म्हणजे उणीव भरून निघाली, असे होत नाही. कारण मोठ्यांना कळते. उणीव लेकराला सोसावी लागते.

दुसरे घर, तिसरे घर

१८५५ साली नेहेम्या परतले. मुलगी स्मेल्स दांपत्याकडेच राहिली. दोन वर्षांनी, १८५७ साली, उठाव झाला. काशीतही जून महिन्यात रक्तपात झाला. या धामधुमीत स्मेल्स कुटुंबाची मालमत्ता गेली. ज्या घराने तिला आसरा दिला होता, तेच आता निराधार झाले. पुढे चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. डब्ल्यू. टी. स्टॉर्स यांनी एलनची जबाबदारी घेतली आणि १८६५ साली तिला आपल्याबरोबर इंग्लंडला नेले. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती.

म्हणजे बारा वर्षांच्या आत या मुलीने आई गमावली, पिता दुरावला, पहिले पालक गेले आणि देशही सुटला. याच वर्षांत नेहेम्यांच्या विद्वत्तेला बहर आला होता. १८६० साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. काशीच्या संस्कृत कॉलेजात पूर्वी प्राध्यापक असलेल्या फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली कलकत्त्यात छापले. १८६८ साली नेहेम्यांना डीकनपदाची आणि १८७० साली प्रीस्टपदाची दीक्षा बिशप मिलमन यांच्या हस्ते मिळाली. पुढे ते काउली फादर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेंट जॉन संघाकडे ओढले गेले. १८७६ साली ते संघाचे उमेदवार म्हणून इंग्लंडला गेले आणि १८७७ साली परत आले. त्यांच्या मनाला शंकांनी कधीच पुरते सोडले नाही. संघाची अखेरची व्रतेही त्यांनी घेतली नाहीत, जन्मभर ते उमेदवारच राहिले. उपास, दारिद्र्य आणि प्रार्थना यांत त्यांनी स्वतःला कठोरपणे राबविले. असा माणूस दुसऱ्यावर प्रेम करीत नाही असे नव्हे. पण स्वतःशीच ज्याचे इतके युद्ध चाललेले असते, त्याच्या घरात दुसऱ्याला फारशी जागा उरत नाही.

पुण्यात, पंचहौद मिशनच्या परिसरात आणि मुंबईत त्यांनी केलेले कार्य मराठी मंडळीस ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती सिद्धान्त समजावून घेताना त्यांचे फार साहाय्य झाले. १८८३ साली वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या निर्णयामागे फादर गोऱ्ह्यांच्या विवेचनाचा मोठा वाटा होता. रमाबाईंचे पिता अनंतशास्त्री डोंगरे १८७४ साली वारले होते. त्या पितृहीन विदुषीला शास्त्राची भाषा बोलणारा एक वडीलधारा मार्गदर्शक नेहेम्यांच्या रूपाने लाभला. जो पुरुष स्वतःच्या कन्येपासून दूर राहिला, तो दुसऱ्याच्या कन्येला पित्यासमान झाला. आपल्या मंडळीतही असे पाळक, शिक्षक, समाजसेवक आपण पाहतो. शेकडो लेकरे त्यांना बाबा म्हणून हाक मारतात, आणि घरी एक लेकरू दाराकडे पाहत बसलेले असते.

कन्येची वाट

इंग्लंडमध्ये एलनचे शिक्षण नीट झाले. तिला प्रेमाची माणसे मिळाली. ती तेथेच राहिली असती तरी तिला कोणी दोष दिला नसता. तिची भाषा, चालीरीती, मैत्री सारे इंग्रजी झाले होते. परंतु १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ती हिंदुस्थानात परत आली. आपल्या देशभगिनींची सेवा करावी, ही तिची इच्छा होती. अमृतसरात तिने काम केले. पुढे अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, मुलींच्या एका ख्रिस्ती शाळेची व्यवस्था तिने पाहिली. १८९७ साली तिने डीकनेसपदाची दीक्षा घेतली.

१८८३ साली तिच्या धार्मिक कवितांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तिचे एक गीत अमेरिका व इंग्लंडमधील मोठमोठ्या उपासनांतून गाइले गेले. जॉर्ज स्टेबिन्स यांनी त्याला चाल लावली. 'इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स' या नावाने ते ओळखले जाते आणि आजही इंग्रजी गीतसंग्रहांत सापडते. परमेश्वराच्या सान्निध्याच्या गुप्त आश्रयस्थानी जिवाला मिळणारा विसावा, हा त्याचा विषय. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना या गीताची कर्ती काशीत जन्मलेली मराठी कन्या आहे हे ठाऊक नसते. ज्या मुलीचे घर बारा वर्षांत तीनदा बदलले, तिने आश्रयाच्या जागेविषयी गावे, हा योगायोग आम्ही मानीत नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. तिने आपले नाव टाकले नाही. स्मेल्स वा स्टॉर्स यांचे आडनाव लावणे तिला सोपे होते; इंग्लंडात ते सोयीचेही झाले असते. परंतु तिच्या पुस्तकावर एलन लक्ष्मी गोऱ्हे हेच नाव आहे. एलन हे तिला वाढविणाऱ्यांच्या भाषेतले, लक्ष्मी हे न पाहिलेल्या आईचे आणि गोऱ्हे हे दूर राहिलेल्या पित्याचे. तिन्ही तिने शेवटपर्यंत एकत्र वागविली. तुटलेल्या कुटुंबातील अपत्य जेव्हा आपल्या आयुष्याचा कोणताच भाग लपवीत नाही, तेव्हा त्याच्या जखमा भरू लागल्या आहेत असे समजावे.

१८८० ते १८९५ अशी पंधरा वर्षे पिता व कन्या एकाच देशात, एकाच प्रभूच्या सेवेत होते. त्याचे कार्य प्रामुख्याने पुणे-मुंबईकडे, तिचे उत्तरेकडे. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत नेहेम्या गोऱ्हे प्रभूमध्ये निजले. ते सत्तर वर्षांचे होते. १९०० साली सी. ई. गार्डनर यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि जगाला ते फादर गोऱ्हे म्हणून ज्ञात झाले. एलन त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जगली. तिचे वय चौऱ्याऐंशीच्या घरात असताना १९३७ साली ती प्रभूच्या घरी गेली.

फादर या शब्दाचा अर्थ पिता असा आहे. ज्याला सारे फादर म्हणत, त्याची मुलगी त्याच्यावाचून वाढली. हे वाक्य कोणाला टोमणा म्हणून आम्ही लिहीत नाही. ते खरे आहे म्हणून लिहितो, आणि खरे बोलल्यावाचून कोणतेही घर दुरुस्त होत नाही.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट अशी की, पित्याच्या अनुपस्थितीचे कारण आणि तिचा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. आपल्या मंडळीत कोणाचे वडील आखातात नोकरीस आहेत, कोणाचे जहाजावर, कोणाचे लष्करात. कोणी प्रभूच्या कामासाठी गावोगाव फिरतात. कोणी दारूने घरात असूनही नसल्यासारखे आहेत. काही घर सोडून गेले आहेत. ही सारी कारणे एका मापाची नाहीत. पोटासाठी दूर राहणारा आणि कर्तव्य टाकून गेलेला यांना एकाच पंक्तीत बसविणे अन्याय आहे. पण लेकराच्या मनातला प्रश्न बहुधा एकच असतो: मी काही चुकलो म्हणून बाबा गेले काय? त्याचे उत्तर मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. घरात त्या विषयावर मौन पाळले, तर मूल स्वतःच उत्तर तयार करते, आणि ते सहसा स्वतःला दोष देणारे असते.

दुसरी गोष्ट, देवाच्या कार्याच्या आड लपू नये. आपल्या प्रभूने परूश्यांना याच कारणाने दोष दिला होता. देवाला अर्पण केले आहे असे म्हणून ते आईबापांना मदत नाकारीत. तोच नियम लेकरांनाही लागू आहे. पौलानेही तीमथ्याला लिहिताना, स्वतःच्या घरच्यांची काळजी न घेणाऱ्याविषयी कडक शब्द वापरले आहेत. सेवेसाठी सर्वस्व सोडणाऱ्यांची आपण स्तुती करतो तेव्हा, त्यांनी सोडलेल्या सर्वस्वात एखादे लेकरू तर नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी मंडळीचीही आहे. नेहेम्यांना एकत्र कुटुंब उरले नव्हते, म्हणून मंडळीने त्यांचे कुटुंब व्हावयास हवे होते. काही अंशी ती झाली. स्मेल्स व स्टॉर्स यांच्या रूपाने झाली. ते ऋण विसरता कामा नये. मर्दखयाने पोरक्या एस्तेरला वाढविले, योसेफाने येशूला आपले नाव व आसरा दिला. पालक पित्यांची जागा पवित्र शास्त्रात लहान नाही.

तिसरी गोष्ट पित्यांसाठी. आमच्या ओळखीच्या अनेक कुटुंबांत वृद्धापकाळी मुलांशी बोलू पाहणारे पिता दिसतात. त्यांचे बोलणे बहुधा कारणांनी सुरू होते: पगार कमी होता, साहेब सुटी देत नसे, तुझ्यासाठीच तर केले. ही कारणे खरी असतात. पण त्यांनी सुरुवात केली की लेकराच्या दुःखाला बोलावयास जागाच राहत नाही. तू वाढत होतास आणि मी तेथे नव्हतो, याचे मला दुःख आहे, एवढे आधी म्हणावे. कारणे नंतर विचारली गेली तर सांगावीत. समेटासाठी पित्याने पहिले पाऊल टाकावे, कारण उधळ्या मुलाच्या दृष्टांतात धावत गेला तो बापच होता.

चौथी गोष्ट अपत्यांसाठी. पित्याला समजून घेणे म्हणजे त्याची पूर्वकथा जाणून घेणे. नेहेम्या व शिवरामपंत यांच्यातला तुटलेला धागा ध्यानात घेतल्याखेरीज नेहेम्या व एलन यांच्यातले अंतर पुरते कळत नाही. पुष्कळदा जो पिता प्रेम दाखवू शकत नाही, तो स्वतःच्या पित्याकडून तुटलेला असतो. हे कळल्याने झालेली हानी नाहीशी होत नाही. परंतु ती आपल्या दोषामुळे झाली नाही हे कळते, आणि पुढच्या पिढीत ती पोहोचवायची नाही एवढे ठरविता येते. क्षमा करणे म्हणजे काही झालेच नाही असे म्हणणे नव्हे. जेथे मारहाण, व्यसन वा छळ आहे, तेथे क्षमा करूनही सुरक्षित अंतर ठेवावे लागते, आणि त्यात पाप नाही.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांची कथा आपणा सर्वांस परिचित आहे. ज्या १८९५ साली नेहेम्या वारले, त्याच वर्षी फेब्रुवारीत टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांच्यापासून ते दुरावले. तेथेही एका घराची शकले झाली होती. परंतु टिळकांनी पत्नीला व मुलाला गमावलेले मानले नाही. काही वर्षांनी ते घर पुन्हा एक झाले आणि तोच दत्तू पुढे देवदत्त टिळक म्हणून मराठी ख्रिस्ती साहित्याचा सेवक झाला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हे सारे आले आहे. दोन घरांची तुलना करून एकास श्रेष्ठ व दुसऱ्यास हीन ठरवू नये. टिळकांची पत्नी हयात होती, नेहेम्यांची नव्हती. हा फरक फार मोठा आहे. पण वेळेवर पुढे केलेला हात काय करू शकतो, हे टिळकांच्या घराने दाखविले. आणि हात वेळेवर आला नाही तरी देव लेकराला सोडीत नाही, हे एलनच्या आयुष्याने दाखविले. सत्ताविसाव्या स्तोत्रात आईबापांनी सोडलेल्या जिवाविषयी जो विश्वास व्यक्त झाला आहे, तो तिच्या जीवनात खरा ठरला.

पवित्र शास्त्रातील नेहेम्याने यरुशलेमेचे पडलेले कोट पुन्हा बांधले. त्याने एकट्याने बांधले नाहीत. प्रत्येक कुटुंबाला त्याने आपापल्या घरासमोरचा भाग नेमून दिला. आमच्या नेहेम्यांनी मंडळीच्या ज्ञानाचा कोट मोठ्या परिश्रमाने उभारला, आणि त्यासाठी आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्यांच्या स्वतःच्या घरासमोरचा भाग मात्र तसाच राहिला. तो पुढे त्यांच्या कन्येने, आपल्या परीने, उभा केला.

वाचक बंधुभगिनींनो, मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी पित्यांची मने पुत्रांकडे व पुत्रांची मने पित्यांकडे वळविली जाण्याविषयी अभिवचन आहे. जुना करार त्या अभिवचनाशी येऊन थांबतो. ते वळणे आपल्या घरी कोणाकडून सुरू व्हावयाचे आहे, हे ज्याचे त्याने प्रार्थनापूर्वक पाहावे. ज्या पित्याकडे अद्याप वेळ आहे, त्याने एक पत्र लिहावे, एक फोन करावा, एका जेवणाला वेळेवर घरी जावे. ज्या अपत्याचे पिता आता नाहीत, त्याने त्यांचे नाव प्रार्थनेत एकदा प्रेमाने उच्चारावे, आणि सोबत आपले दुःखही स्वर्गीय पित्यापुढे मोकळेपणाने मांडावे. आपल्या घरासमोरचा कोट तेथूनच बांधावयास घ्यावयाचा आहे.